सँ-मालोला जाताय? या चुका टाळा

फ्रान्सच्या वायव्येला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सँ-मालो हे तटबंदीचं गाव आहे. पॅरिसहून थेट रेल्वे आहे आणि रेन शहरात शिकणाऱ्या मराठी मुलांना तर ते तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे आई-बाबा भेटायला आले की दोन दिवसांची सहल हमखास इकडेच निघते. गाव पाहुण्यांना सरावलेलं आहे आणि माणसं मदतीला तयार असतात. तरीही आपल्या लोकांच्या त्याच त्या चुका होतात. त्यातल्या बऱ्याचशा वेळेच्या असतात. इथे समुद्राची वेळ ठरलेली, जेवणाची वेळ ठरलेली आणि या दोन्ही वेळा पाहुण्यासाठी थांबत नाहीत.

तिथीवरून किंवा नुसत्या नजरेनं भरती ओळखणं

ही चूक जिवावर बेतते, म्हणून ती आधी. मुंबईत ज्या उधाणाचा इशारा वर्तमानपत्रात छापून येतो ते साडेचार-पाच मीटरचं असतं. सँ-मालोला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांमधला फरक १२ ते १३ मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार मजली घराची उंची. सकाळी तटाच्या पायथ्याशी आपटणारा समुद्र दुपारी शेकडो मीटर मागे गेलेला दिसतो. मग वाळू, कातळ, छोटी बेटं सगळं उघडं पडतं आणि चालत सुटावंसं वाटतं.

कोकणात तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. हे गणित इथे वापरू नका. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते. सँ-मालोला त्या दिवसांत उन्हाळ्यातल्या (एक तास पुढे केलेल्या) घड्याळाप्रमाणे ती सकाळी आणि संध्याकाळी आठच्या सुमारास येते आणि ओहोटीचा तळ दुपारी दोन-तीनला लागतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जेवण उरकून आपण फिरायला निघतो तेव्हा समुद्र सगळ्यात लांब असतो आणि साडेचार ते साडेसहा या ऐन भटकंतीच्या वेळी पाणी सगळ्यात वेगानं चढत असतं. मोठं उधाणही नेमकं अमावास्या-पौर्णिमेला नसतं, त्यानंतर साधारण दीड दिवसानं येतं.

पाणी एका चालीनं चढत नाही. ओहोटीच्या तळापासून भरतीपर्यंतचे साधारण सहा तास धरा आणि १२ मीटरचे बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. पहिला तास पाहून माणूस निर्धास्त होतो, कारण जेमतेम मीटरभर चढलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र तासाला तीन मीटर, म्हणजे पाच मिनिटांत वीतभर. सपाट वाळूवर ते समोरून लाटेसारखं येत नाही. आधी सखल घळी भरतात आणि त्या पुष्कळदा आपल्या पाठीमागे असतात.

मग वेळ पाहायची कशी? पर्यटन कार्यालयात, तंबाखूच्या दुकानात, कधी हॉटेलच्या काउंटरवरही भरतीचं छोटं पुस्तक मिळतं. त्यात दर दिवसासमोर भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्याची उंची आणि ‘कोएफिसियां’ नावाचा आकडा असतो. हा आकडा २० ते १२० च्या दरम्यान असतो. ४५ च्या आसपास म्हणजे भांगाची भरती, ७० मध्यम, ९५ च्या वर गेला की उधाण. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास तो ११० च्या पुढेही जातो. पुस्तक चाळताना एक गोष्ट न चुकता तपासा: वेळा उन्हाळी घड्याळाच्या आहेत की नाहीत. काही तक्त्यांत वर्षभर एकच वेळ धरलेली असते आणि उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. इथे एका तासाची चूक म्हणजे तीन मीटर पाणी.

ग्रां-बेच्या वाटेवर उशीर करणं

तटबंदीच्या पश्चिमेला ग्रां-बे नावाचं बेट आहे. ओहोटीला तिथे दगडी वाट उघडते, आपल्या हाजी अलीच्या वाटेसारखी. फरक एवढाच की भरतीला इथे वाटेवर काही मीटर पाणी असतं आणि ओढ जबर असते. भांगाच्या दिवसांत वाट फार थोडा वेळ उघडी राहते, तेव्हा त्या दिवशीची वेळ आधी विचारूनच निघा.

ओहोटीच्या तळाआधी तासभर निघायचं आणि तळ लागला की परत फिरायचं, हा सोपा हिशेब आहे. वाटेवर शेवाळ असतं, चपला घसरतात, वयस्कर माणसांना वेळ लागतो. तो वेळ आधीच धरा. पलीकडच्या पती-बेच्या किल्ल्यापर्यंत जायचं असेल तर आणखी आधी निघा. किनाऱ्यालगतच्या फोर नास्योनाल या किल्ल्याची खूण सोपी आहे: किल्ल्यावर फ्रेंच झेंडा फडकत असेल तर तो पाहायला खुला आहे.

वाट पाण्याखाली गेली आणि तुम्ही बेटावर अडकलात, तर पाणी घोट्याएवढं दिसलं तरी त्यात उतरू नका. उंच जागी थांबा. पाणी उतरायला साधारण सहा तास लागतात. गारठा वाढतो, म्हणून जाताना अंगावर जाकीट, पिशवीत पाण्याची बाटली आणि फोनला चार्जिंग हवंच. कोणी आजारी असेल, लहान मूल गारठलं असेल किंवा कोणी वाळूवरच पाण्यानं वेढलं गेलं असेल, तर १९६ फिरवा. हा फ्रान्समधल्या समुद्री बचावाचा क्रमांक आहे. तो आठवला नाही तर ११२. नुसतं बेटावर सुखरूप थांबलेलं असणं हे मात्र संकट नव्हे, तेवढ्यासाठी बचाव नौका बोलावू नये.

बेटाच्या समुद्राकडच्या टोकाला लेखक शातोब्रियां यांची समाधी आहे. ते १८४८ मध्ये गेले. समाधीवर नाव नाही, साधा दगडी क्रूस आहे. फक्त वारा आणि समुद्र ऐकू यावा म्हणून त्यांनी ही जागा मागून घेतली होती आणि त्या इच्छेचा मान राखा असं तिथली पाटी सांगते. तेव्हा तिथे डबे उघडून बसणं, कठड्यावर चढून फोटो काढणं, मोबाइलवर गाणी लावणं इथल्या लोकांना मनापासून खटकतं.

दुकानात शिरताच काम सांगणं

आपल्याकडे दुकानात शिरून “अर्धा किलो साखर द्या” म्हटलं तर त्यात उद्धटपणा नसतो. इथे असतो. बेकरी, औषधाचं दुकान, बस, लिफ्ट, डॉक्टरांची प्रतीक्षा-खोली, कुठेही शिरलात की आधी ‘बोंझूर’, म्हणजे नमस्कार, म्हणायचं आणि समोरच्याचं ‘बोंझूर’ येईपर्यंत थांबायचं. मग काम. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याचं ‘बोंस्वार’ होतं. निघताना ‘मेर्सी, ओ रव्वार’, म्हणजे आभार, पुन्हा भेटू. रस्त्यात कुणाला पत्ता विचारतानाही इंग्रजीत थेट प्रश्न टाकू नका. आधी ‘बोंझूर’, मग ‘पार्ले वू आंग्ले?’ म्हणजे इंग्रजी येतं का, असं विचारा. समोरचा तुटक वागला की पुष्कळ जण त्याला वंशभेद समजून मनाला लावून घेतात. कधी तसं असेलही, पण आधी स्वतःला विचारा: बोंझूर म्हटलं होतं का? म्हटलं नसेल तर पुन्हा सुरुवात करा. उशिरा म्हटलेला बोंझूरसुद्धा चालतो आणि चेहरे लगेच सैल होतात.

त्याच दिवशी त्याच माणसाला दुसऱ्यांदा भेटलात तर पुन्हा बोंझूर म्हणत नाहीत. मघाचं विसरलात असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा ‘रबोंझूर’ म्हणा किंवा नुसतं हसा. अनोळखी आणि मोठ्या माणसांना ‘व्हू’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, पण फोनवरच्या अ‍ॅपमधून फ्रेंच शिकलेली मुलं सर्रास ‘त्यू’ म्हणतात, म्हणजे दुकानदार काकूंना थेट ‘तू’.

गालाला गाल लावून अभिवादन करण्याची पद्धत आहे, या भागात बहुधा दोनदा. ती ओळखीच्यांत असते आणि पुढाकार समोरच्याला घेऊ द्यावा. नको असेल तर हात पुढे करा, कोणी राग मानत नाही. मिठी मात्र मारू नका, ती गालापेक्षा जास्त जवळीक समजली जाते.

आठवडी बाजारात भाजी स्वतः निवडायला हात घालू नका. विक्रेता देतो. खरबूज आज खायचं की उद्या, एवढं सांगितलं की तो तसं निवडून देतो. पिशवी घरून न्या. घासाघीस नाही.

तीन वाजता जेवायला निघणं

दुपारचं जेवण बारा ते दोन. पावणेदोनला पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद व्हायला आलेलं असतं आणि अडीचला दार उघडं दिसलं तरी आत फक्त कॉफी मिळते. रात्री सातच्या आधी चूल पेटत नाही आणि साधारण नऊनंतर नवीन गिऱ्हाईक घेतीलच असं नाही. दुकानंही दुपारी बंद होतात, काही सोमवारी दिवसभर. लहान मुलं, मधुमेही आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर सकाळी बेकरीतून पाव आणि काहीतरी भरलेलं घेऊन ठेवा. वेळ चुकलीच तर क्रेपरीचा, म्हणजे धिरड्यांच्या खानावळीचा, फलक पाहा. उन्हाळ्यात तटाच्या आतल्या काही क्रेपऱ्या दिवसभर सलग चालू असतात आणि त्यांच्या दारावर ‘सेर्व्हिस काँतिन्यू’ असं लिहिलेलं असतं.

आत शिरून मोकळं टेबल दिसलं की बसू नका. दाराशी थांबून किती जण आहात ते सांगा. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर आदल्या दिवशी टेबल सांगून ठेवा आणि तिथे गेल्यावर टेबलं सरकवून जोडू नका. दोघांत एक पदार्थ मागवणं जेवणाच्या वेळी बरं दिसत नाही, दरडोई एक मुख्य पदार्थ अपेक्षित असतो. मुलांसाठी वेगळी छोटी थाळी असते. उरलं तर बांधून मागायला संकोच नको. २०२१ च्या जुलैपासून उपाहारगृहांनी त्यासाठी डबा देणं कायद्यानं बंधनकारक आहे. पाणी हवं असेल तर ‘युन काराफ दो’ म्हणा, नळाचं पिण्याचं पाणी फुकट येतं. नुसतं ‘वॉटर’ म्हटलंत की विकतची बाटली येऊ शकते. पाव थाळीत नाही, थाळीशेजारी टेबलावरच ठेवतात.

वाढप्याला टिचकी, चुटकी, ‘गार्सों’ अशी हाक, यातलं काही नको. नजरानजर झाली की हात थोडा वर, ‘सिल वू प्ले’, म्हणजे कृपया. बिल आपणहून आणत नाहीत, कारण ते आणणं म्हणजे ‘उठा’ म्हणणं. अर्धा तास वाट पाहून वैतागण्याऐवजी ‘लादिस्यों, सिल वू प्ले’ म्हणा. सेवेचे पैसे दरातच धरलेले असतात. वर ठेवायचेच असतील तर एक-दोन युरोची नाणी पुरेत.

‘शाकाहारी’ एवढंच सांगणं

ब्रिटनीचा रोजचा पदार्थ म्हणजे गालेत: कुट्टूचं पीठ, पाणी, मीठ यांचं पातळ धिरडं, मोठ्या गोल तव्यावर लाकडी फिरकीनं पसरलेलं. ते तिखटमिठाचं जेवण. गव्हाच्या पिठाचं गोड क्रेप नंतर येतं. गोड आधी मागवलं तर सगळं जेवण उलटं होतं.

अडचण अशी की सगळ्यात प्रसिद्ध ‘गालेत काँप्लेत’मध्ये अंडं, चीज आणि हॅम असतं. हॅम म्हणजे डुकराचं मांस. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर कोणी हॅम काढून मासे सुचवेल, कारण अनेकांच्या डोक्यात मांस म्हणजे फक्त मटण-चिकन-डुक्कर. म्हणून पूर्ण वाक्य सांगा: ‘झ न मांझ नि व्यांद, नि प्वासों’, म्हणजे मी मांसही खात नाही आणि मासेही नाही. अंडंही चालत नसेल तर ‘सांझ अफ’ जोडा. बकरीच्या दुधाचं चीज (शेव्र) आणि अक्रोड, मशरूम (शांपिन्यों) आणि चीज असे प्रकार बहुतेक ठिकाणी मिळतात. तव्याला पूर्वापार डुकराची चरबी चोळत, काही जण अजून चोळतात. कटाक्षानं पाळणाऱ्यांनी विचारावं: ‘ओ बर?’, म्हणजे लोण्यावर का? गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर पिठात गहू मिसळलाय का हेही विचारा, कारण धिरडं फाटू नये म्हणून काही जण तो घालतात.

सोबत सफरचंदाची सिद्र वाडग्यासारख्या कपातून पितात. तिला ‘ज्यूस’ समजून मुलांना देऊ नका, तिच्यात मद्य असतं: गोड ‘दू’ प्रकारात कमी, ‘ब्र्यूत’ प्रकारात साधारण ५ टक्के. ज्यांना नको त्यांनी ‘ले रिबो’ मागवावं. ते सरळसरळ ताक आहे, थोडं दाट. गालेतबरोबर ते फार छान लागतं आणि आपल्याला तर घरचंच वाटतं.

कालवं: कुठे फेकायची, कुठे वेचायची

सँ-मालोपासून पंधराएक किलोमीटरवर कांकाल आहे, कालवांचं (ऑयस्टरचं) गाव. बंदरावरच्या टपऱ्यांत डझनावर कालवं घेतली की ती उघडून, लिंबासकट ताटलीत देतात. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून खायची आणि शिंपा खाली किनाऱ्यावर टाकायच्या. होय, टाकायच्याच, इथे ती रीत आहे. ताटली आणि लिंबाची फोड मात्र टाकायची नाही. ताटली टपरीवर परत द्यायची.

आकार क्रमांकावरून ठरतो आणि तो उलटा चालतो: ५ सगळ्यात लहान, ० सगळ्यात मोठं. पहिल्यांदा खाणाऱ्यानं ३ किंवा ४ क्रमांक घ्यावा. मोठं कालव तोंडात मावत नाही आणि माणूस कायमचा बिचकतो. कालव जिवंत असायला हवं: लिंबाचा थेंब पडला की कड आक्रसते. कोरडं पडलेलं किंवा वास येणारं बाजूला ठेवा. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्ची खाऊ नयेत.

ओहोटीला समोर दिसणाऱ्या लोखंडी चौथऱ्यांच्या रांगा म्हणजे लोकांची शेती आहे. तिथून एक कालव उचलणंही चोरी ठरते. मोकळ्या किनाऱ्यावर तिसऱ्या वेचता येतात, पण नियम आहेत. ‘पालूर्द’ जातीची शिंपली ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत वाळूत, वेचलेलं विकायचं नाही, आणि पाण्याच्या दूषिततेमुळे वेचायला बंदी असेल तर तशी पाटी असते, ती आधी वाचा. पट्टी न्या, अंदाजानं मोजू नका. आणि दगड उलटलात की जसा होता तसा परत ठेवा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासाभरात मरतात. हे शेजारचा म्हातारा मालुअँ ओरडून सांगेल, तेव्हा रागावू नका. मालुअँ म्हणजे सँ-मालोकर. किनाऱ्यावर त्याचा जीव असतो.

रंगीत गोटे, वाळू बाटलीत भरून नेणं याला कायद्यानं बंदी आहे आणि दंड १,५०० युरोपर्यंत होऊ शकतो.

पुळणीवर

पोहण्याचे कपडे पुळणीपुरते. तटाच्या आत, दुकानात, क्रेपरीत उघड्या अंगानं जाणं असभ्य मानतात. किनाऱ्यावरच्या काही गावांनी त्यासाठी दंड ठेवला आहे. ले साब्ल-दोलोन या गावानं २०२५ मध्ये १५० युरो जाहीर केले. उलट बाजूनं, बायका सलवार-कुर्त्यात पाण्यात उतरल्या तर समुद्रावर हरकत नसते, पण ऑगस्टमध्येही पाणी १८ अंशांच्या आसपास असतं आणि भिजलेला सुती कपडा जड होऊन पायात अडकतो. लांब बाह्यांचा पोहण्याचा घट्ट पोशाख घेतलेला बरा. नगरपालिकेच्या तरणतलावांत नियम कडक आहेत: पुरुषांना ढगळ चड्डी चालत नाही, घट्टच लागते, आणि बहुतेक ठिकाणी टोपीही. पुळणीवर एखादी बाई वरचे कपडे काढून ऊन घेत असेल तर टक लावू नका आणि कॅमेरा तिकडे वळवू नका. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो तर मुळीच नाही.

वरती लाल, खाली पिवळा अशा दोन झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखाली असते. खांबावर हिरवा झेंडा असेल तर पोहा, पिवळा असेल तर धोका आहे पण पहारा आहे, लाल असेल तर पाण्यात जायची बंदी, जांभळा म्हणजे पाणी दूषित किंवा त्यात धोकादायक जीव. झेंडाच नसेल तर पहारा नाही. बों-सकूरच्या पुळणीवर समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे. भरतीला तो अख्खा बुडतो आणि उडी मारण्याचा मनोरा तेवढा वर दिसतो. तलावाची भिंत पाण्याखाली दिसत नाही, म्हणून अर्धवट भरलेल्या पाण्यात मनोऱ्यावरून उडी नको. आधी स्थानिक पोरं कधी उड्या मारतात ते पाहा.

२०२५ च्या उन्हाळ्यापासून फ्रान्सभर, पोहण्याच्या मोसमात, पुळणीवर सिगारेट ओढायला बंदी आहे. दंड १३५ युरो. चटई झटकायची तर वाऱ्याची दिशा पाहून. क्रिकेट खेळायचं तर ओहोटीच्या ओल्या वाळूवर, टेनिसच्या चेंडूनं, टॉवेलांपासून लांब.

समुद्रपक्षी, विशेषतः मोठे ‘गोएलां’, हातातलं क्विन्यामान (इथला लोण्याचा गोड केक) किंवा सँडविच मागून झडप घालून नेतात. भिंतीला पाठ लावून खा. त्यांना खाऊ घालायला बंदी आहे. मुलं हौसेनं तुकडे टाकतात आणि पुढच्या माणसाच्या हाताला चोच लागते.

भाड्याच्या घरात

तटाच्या आतली घरं १९४४ च्या ऑगस्टमधल्या विध्वंसानंतर उभारलेली, दगडी, एकमेकांना चिकटलेली आहेत. अरुंद गल्लीत आवाज वरपर्यंत चढतो. रात्री दहा ते सकाळी सात शांतता पाळायची. शेजारी पोलिसांना बोलावू शकतो आणि जागच्या जागी ६८ युरो भरावे लागतात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या काच-पेटीत टाकायच्या, पण त्याही रात्री नाही, कारण त्यांचा आवाज होतो. कचऱ्याची पिशवी रात्रभर दाराबाहेर ठेवलीत तर सकाळी पक्ष्यांनी गल्लीभर केलेली असते. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, झाकणाच्या डब्यातच ठेवा. फोडणी देताना खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, नाहीतर जिन्यातली धुराची घंटा वाजते.

घरी जेवायला बोलावलं तर दिलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं नंतर जा, आधी कधीच नाही. फुलं न्या, पण शेवंतीसारखी दिसणारी क्रिझांतेम नकोत, ती इथे थडग्यावर वाहतात. खोकाभर मिठाई उत्तम. काजूकतली इथल्या लोकांना हमखास आवडते. चपला काढायच्या का, ते दाराशी विचारा. पुळणीवरून थेट येत असाल तर मात्र न विचारता पाय झटका, धुवा, मग आत या.